नंबर जिता ठेवायचा आहे

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली.

महोदय,



मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझं मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. बीडहून सोलापूरकडे निघालेली गाडी घाट चढून वर आली की आमचा फाटा लागतो. उजव्या हाताला पाटोद्याचा रस्ता फुटतो, डाव्या हाताला केज-अंबाजोगाईचा. रबडी खायला थांबलेले प्रवासी, कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला निघालेले भाविक, नेकनूरच्या बाजाराला जाणारे शेतकरी, आणि दिवाळी उरकली की ट्रकमध्ये संसार भरून कारखान्याच्या वाटेला लागलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या, सगळ्यांचा रस्ता इथूनच. त्यातले पुष्कळजण माझ्या काउंटरपुढे दोन मिनिटं थांबतात. कुणाचा कोणत्या दिवशी पॅक संपतो हे मला तोंडपाठ असतं. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाची पोरगी शिकायला बीडला आहे, हेही त्यातूनच कळतं.

तुमच्याकडे देशभरातून आकडे येत असतील. मी तुम्हाला एका फोनची हकिकत सांगतो.

गेल्या हिवाळ्यात डोंगरातल्या एका वस्तीवरून एक आजी आली. बटनांचा फोन, मागचं झाकण रबराने बांधलेलं. लेक आणि सून कर्नाटकातल्या कारखान्यावर तोडीला गेलेले, दोन नातवंडं आजीजवळ. तिची आणि लेकाची एक खूण ठरलेली होती. रोज दिवेलागणीला आजीने एक मिस कॉल द्यायचा. मिस कॉल आला म्हणजे पोरं जेवली, घरी सगळं ठीक. "बघ रं बाळा, फोन मुका झालाय," ती म्हणाली. "चार दिस झाले मिस कॉल जाईना. कालपासून पोराचा फोनबी येईना." फोन चांगला होता. बॅटरी भरलेली होती, रेंजही होती. पॅक संपला होता. आधी आउटगोइंग गेलं होतं, मग इनकमिंग. तिकडे लेकाने घाबरून मेहुण्याला वस्तीवर धाडलं होतं, म्हातारी बरी आहे का ते बघायला.

आजी हिशेबाला पक्की आहे. "तू तीन महिन्यांचं मारलं व्हतं," ती मला म्हणाली. "तीन अमावास्या मोजल्या म्या. तिसरी तर उद्या हाय."

तिचं बरोबर होतं. चूक माझी होती. मी तिला चौऱ्याऐंशी दिवसांचा पॅक मारून दिला होता आणि तोंडाने "तीन महिने" म्हणालो होतो. आमच्या धंद्यात सगळेच तसं म्हणतात. कॅलेंडरचे तीन महिने धरले तर त्यात आठवडा कमी पडतो. आजीच्या अमावास्या धरल्या तरी चार-पाच दिवस कमीच. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा असतो, कंपनीचा अठ्ठावीस दिवसांचा. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांची सगळी मोजणी पंचांगावर चालते: वार, उपास, पेरणी, उसनवारी, सगळं. त्या मोजणीत अठ्ठावीस दिवसांचा महिना कुठेच बसत नाही.

अठ्ठावीस गुणिले तेरा म्हणजे तीनशे चौसष्ट. वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्याच संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक तीस दिवसांचा आणि निदान एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवलाच पाहिजे. पॅक आले. पण ते यादीत कुठे आहेत हे शोधायला माझ्यासारख्या रोज रिचार्ज मारणाऱ्यालाही बोट बराच वेळ खाली सरकवावं लागतं. आजीच्या बटनांच्या फोनवर तर यादीच नाही. तिची यादी म्हणजे मी, आणि मला शंभरामागे मिळतात जेमतेम दोन-तीन रुपये. खरं तेच सांगतो: घाईगर्दीच्या दिवशी मीही तोच पॅक मारतो जो सगळ्यात वर दिसतो.

दुकान टाकलं तेव्हाच्या गोष्टी आठवल्या की आजचं जास्त बोचतं. इनकमिंग फुकट झालं १ मे २००३ पासून. त्याआधी आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. मग दहा रुपयांची कुपनं आली, नखाने खरवडायची. दहाच्या कुपनावर साडेसात रुपयांच्या आसपास बोलणं मिळायचं आणि माणसं ते पुरवून पुरवून वापरायची. एक रिंग म्हणजे पोहोचलो. दोन रिंगा म्हणजे तू फोन कर. तीन म्हणजे एसटी चुकली, घ्यायला ये. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि बाकीच्यांना त्यामागे यावं लागलं. जेवढं बोललं तेवढ्याचे पैसे, हे आमच्या लोकांना पटकन समजलं. किराणा दुकानातही माणूस पावशेर साखर मागतो, आणि त्याला पोतं घ्या म्हणून कुणी सांगत नाही. त्या काळात माझ्या दुकानावर किती पाट्या होत्या: एअरसेल, युनिनॉर, आयडिया, रिलायन्स, व्होडाफोन, एअरटेल, बीएसएनएल. आज खासगीतल्या तीन आणि सरकारी एक एवढ्याच उरल्या. त्यातही ज्याच्याकडे जुना टू-जी फोन आहे त्याला जिओचा उपयोग नाही, कारण जिओचं जाळं सुरुवातीपासून फोर-जीचं. म्हणजे आजीसाठी तीनच.

इनकमिंग आधी चालू राहायचं आणि आता का बंद होतं, याचं कारण मी एका जुन्या वितरकाकडून समजून घेतलं. तुम्हाला ते माहीत आहेच. पण हे पत्र जे इतर लोक वाचतील त्यांच्यासाठी लिहितो. पूर्वी एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला की पहिल्या कंपनीला दुसरीला मिनिटामागे काही पैसे द्यावे लागायचे. २००९ पासून ते वीस पैसे होते, २०१५ मध्ये चौदा झाले, ऑक्टोबर २०१७ पासून सहा, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. म्हणजे आजी नुसते आलेले फोन घेत होती तेव्हाही तिच्या कंपनीला तिच्यापासून थोडं मिळत होतं. लेकाने पंधरा मिनिटं बोललं की वीस पैशांच्या हिशेबाने तीन रुपये. हे पैसे आटत गेले तशी नुसतं इनकमिंग घेणारी माणसं कंपन्यांच्या खात्यात ओझं दिसू लागली. २०१८ च्या शेवटी एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांनी अठ्ठावीस दिवसांना कमीत कमी ३५ रुपयांचा रिचार्ज सुरू केला. तेव्हा तुमच्याकडे तक्रारी गेल्या आणि खात्यात पैसे शिल्लक असताना लोकांची सेवा बंद करू नका असं तुम्ही कंपन्यांना बजावलं होतं.

मी त्या ३५ रुपयांनंतरचे आकडे माझ्या वहीत लिहून ठेवले आहेत. एअरटेलचा सगळ्यात लहान पॅक डिसेंबर २०१९ मध्ये ४५ झाला. जुलै २०२१ मध्ये ७९. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ९९. २०२२-२३ मध्ये एकेक विभाग करत १५५, तेही चोवीसच दिवसांना. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर अठ्ठावीस दिवसांना १९९. पस्तीसच्या पॅकमध्ये सव्वीस रुपयांचं बोलणं होतं आणि एकशे नव्याण्णवमध्ये हवं तेवढं बोला आणि वर दोन जीबी डेटा, हे कबूल. पण ज्या माणसाला हवं तेवढं बोलायचंच नाही, ज्याच्या फोनवर डेटा चालतच नाही, त्याला या दोन्ही गोष्टी घ्यायला लावल्या. सहा वर्षांत नंबर जिता ठेवण्याचा खर्च साडेपाच पटींच्या वर गेला. त्याच काळात ऊसतोडीचा दर किती वाढला हे आमच्या कुठल्याही टोळीला विचारा.

इथे मला आमच्या जिल्ह्याचा एक शब्द तुम्हाला सांगावासा वाटतो: उचल. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी टोळीचा मुकादम नवरा-बायकोच्या एका कोयत्याला रोख रक्कम देतो. घरात लग्न असतं, दवाखाना असतो, छपरावर पत्रे टाकायचे असतात. पैसे हातात येतात तेव्हा ते मदतीसारखे वाटतात. मग पाच-सहा महिने ती उचल ऊस तोडून फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि बाकी असलेला कोयता दुसऱ्या मुकादमाकडे जाऊ शकत नाही. बीड जिल्ह्यात पिढ्यांमागून पिढ्या हे माहीत आहे की आधी मिळालेले पैसे हे पैसे नसतात, तो दावा असतो.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि सगळं फुकट झालं. ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट. म्हणजे अगदी ऊसतोडीच्या एका हंगामाएवढं, किंचित जास्तच. माझ्या दुकानापुढे सिमसाठी रांग लागली होती. मीही खूश होतो. पोरांच्या हातात यूट्यूब आलं, बाजारभाव आले, उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर, राहणाऱ्या आईला घरी राहिलेल्या लेकराचं तोंड दिसू लागलं. या सगळ्याचं मोल मी कमी करत नाही. आमच्या भागात इंटरनेट कुणी आणलं याचा इतिहास लिहिला तर त्यात हे लिहावंच लागेल. पण फुकट देणं ही उचल होती. ज्या कंपन्यांना इतके दिवस फुकट देणं परवडेना त्या विकल्या गेल्या, विलीन झाल्या, बुडाल्या. आणि उरलेल्या मोजक्या कंपन्यांनी ती उचल आता वसूल करायला घेतली आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. त्या महिन्यात लाखो लोक बीएसएनएलकडे वळले, कारण तिने दर वाढवले नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये जिओ आणि एअरटेल यांनी २४९ चा, रोज एक जीबीचा पॅक ऑनलाइन यादीतून काढून टाकला आणि अठ्ठावीस दिवसांच्या पॅकमध्ये रोजच्या डेटाची पहिली पायरी २९९ वर गेली.

धंदा करणाऱ्याने नफा पाहू नये असं मी म्हणत नाही. टॉवर, लहरींचा लिलाव, सरकारचं देणं, सगळं खर्चाचं आहे. कंपन्यांनी सरकारला द्यायच्या समायोजित महसुलाच्या (एजीआर) थकबाकीवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१९ मध्ये आला आणि काही कंपन्यांचं कंबरडं मोडलं, हेही खरं. एका ग्राहकामागे महिन्याला तीनशे रुपये यायला हवेत, असं एअरटेलकडून जाहीरपणे सांगितलं गेलं आहे. तीनशे ही सरासरी आहे. सरासरी काढताना पुण्यात आयटीत काम करणारा मुलगा आणि डोंगरावरची आजी एका पाटीत बसतात. मुलाने पाचशे दिले तर आजीने शंभर द्यावेत, तरी सरासरी भरते. प्रत्यक्षात आजीच्याच पायरीचा दर दरवेळी वाढतो, कारण वरच्या पायरीवरच्या माणसाला दुसरीकडे जाण्याचे चार मार्ग असतात आणि आजीला नसतात.

नवी उचलही सुरू झाली आहे. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची पैसे देऊन मिळणारी सेवा वर्षभर फुकट दिली. ऑक्टोबरमध्ये जिओने गुगलचं जेमिनी दीड वर्ष फुकट देऊ केलं. माझ्याकडे येणारी पोरं ती वापरतात, स्पर्धा परीक्षेची टिपणं काढतात, मला दाखवतात. त्यांना मी वापरू नका म्हणत नाही. एवढंच सांगतो की फुकटाची तारीख कुठे संपते ती आज वहीत लिहून ठेवा, उचलीची रक्कम लिहितात तशी.

पण या पत्राचा मुद्दा डेटा नाही. डेटा घेणाऱ्याने डेटाचे पैसे द्यावेत. मुद्दा नंबरचा आहे.

पूर्वी फोन बंद पडला तर माणसाचं बोलणं अडायचं. आता फोन बंद पडला तर माणूसच अडतो. बँकेचा ओटीपी नंबरवर, पीएम-किसानची केवायसी नंबरवर, पीक विमा नंबरवर, आधारची ऑनलाइन दुरुस्ती नंबरवर. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर एक ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारला जोडलेल्या नंबरवर दुसरा. शेजारच्या सेवा केंद्रात काम अडलं की बायका माझ्याकडे यायच्या. "दादा, ह्यांचा फोन लागंना, बघा ना काय झालं." नवरा कामाला परगावी, पॅक संपलेला, ओटीपी जातच नाही. एका ताईंच्या नवऱ्याचा पॅक मी इथून मारला, मग त्यांनी फोनवर ओटीपी मोठ्याने वाचून सांगितला, दुकानातल्या चार माणसांनी ऐकला. ओटीपी कुणालाही सांगू नका असं बँका वर्षानुवर्षं सांगतात. इथे तो ओरडून सांगितल्याशिवाय सरकारी काम होत नव्हतं. पंधराशे रुपयांसाठी आधी दोनशे रुपयांचा रिचार्ज, असा त्या दिवसाचा हिशेब होता.

आणि नंबर कायमचा गेला तर? बंद झालेला नंबर किमान नव्वद दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असं तुमच्याच संस्थेने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. नव्वद दिवस म्हणजे ऊसतोडीच्या अर्ध्या हंगामाएवढे. त्यानंतर तो नंबर दुसऱ्याच माणसाच्या खिशात वाजू शकतो, आणि जुन्या माणसाच्या बँकेचे निरोप तिकडे जाऊ शकतात. मग आधारला नवा नंबर जोडायला बटनांच्या फोनवाल्याने केंद्रावर जायचं, अंगठा द्यायचा, पंचाहत्तर रुपये भरायचे, एक दिवसाची मजुरी बुडवायची, आणि म्हाताऱ्या माणसाच्या घासलेल्या बोटांचे ठसे नाही जुळले तर परत यायचं. शासनाने नंबरला घराची किल्ली केलं आहे. आणि ती किल्ली दर अठ्ठावीस दिवसांनी भाड्याने घ्यावी लागते.

तुमच्या संस्थेने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २३ डिसेंबर २०२४ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या आदल्या दिवशी, तुम्ही ग्राहक संरक्षण नियमांत बाराव्यांदा दुरुस्ती केली. प्रत्येक कंपनीने डेटाविना नुसतं बोलणं आणि एसएमएस यांचा निदान एक पॅक द्यावा, आणि अशा पॅकची मुदत नव्वदऐवजी ३६५ दिवसांपर्यंत असू शकेल, असं ठरलं. कंपन्यांचा विरोध असतानाही तुम्ही ते केलं. ग्राहक पंचायत ज्या महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये उभी केली, तिथला एक दुकानदार म्हणून मला त्या दिवशी खरंच आनंद झाला होता. मी दुकानात पाटी लिहून लावली: नुसत्या बोलण्याचा पॅक येतोय.

जानेवारी २०२५ मध्ये पॅक आले. एअरटेलचा चौऱ्याऐंशी दिवसांचा, सहा जीबी डेटा असलेला पॅक ५०९ रुपयांचा होता. त्यातला सहा जीबी डेटा काढला आणि किंमत ठेवली ४९९. दहा रुपये कमी! तुम्ही हे पॅक तपासू असं जाहीर केल्यावर काही दिवसांतच तो ४६९ वर आला. वर्षाचा १८४९ झाला. जिओचा चौऱ्याऐंशी दिवसांचा ४४८ आणि ३३६ दिवसांचा १७४८. तुमच्या एका नजरेने तीस रुपये उतरले. आणखी एकदा पाहिलं असतं तर आणखी उतरले असते, असं मला वाटतं. आजीला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला पंधराशे मिळतात. वर्षाचा पॅक एकदम घ्यायचा तर एका महिन्याचं सगळं मानधन देऊन वर साडेतीनशे उसने घ्यावे लागतात. म्हणून ती चौऱ्याऐंशीचा घेते. आणि म्हणून तिच्या तीन अमावास्या भरत नाहीत.

म्हणजे नुसत्या बोलण्याचा पॅक तुम्ही दिलात, पण तो भरपूर बोलणाऱ्याचा पॅक झाला. आजीला भरपूर बोलायचंच नाही. तिला दिवेलागणीचा एक मिस कॉल, लेकाचा एक फोन आणि महिन्यात एखादा ओटीपी एवढंच हवं आहे.

त्यासाठी तुम्हाला नवं काही शोधावं लागणार नाही. तुमचा २०१३ चा एक नियम आहे. नव्वद दिवस वापर झाला नाही तरी खात्यात वीस रुपये असतील तर ते कापून नंबर आणखी तीस दिवस राखायचा. वीस रुपयांत तीस दिवस, हा दर तुमच्याच कागदावर आहे. अडचण एवढीच की त्या नियमाने नंबर कागदावर जिता राहतो, फोन मात्र मुका राहतो, कारण पॅक संपल्यावर इनकमिंग चालू ठेवलंच पाहिजे असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. माझी मागणी तेवढ्या एका ओळीची आहे. त्या वीस रुपयांत येणारे फोन आणि येणारे एसएमएस चालू राहिले पाहिजेत, असं लिहा. वीसच्या जागी तीस लिहायचे तर लिहा, आमचे लोक देतील. आउटगोइंगचे पैसे वेगळे घ्या, दहाच्या टॉपअपमधून कापा. दहाचा टॉपअप ठेवलाच पाहिजे हे तर तुम्ही त्याच डिसेंबरच्या दुरुस्तीत कायम केलंच आहे. आणि शासनाच्या योजनांचे ओटीपी ज्या नंबरवर जातात तो नंबर पॅक संपला म्हणून त्या ओटीपींपुरता तरी बंद करू नका. त्या निरोपाचा खर्च पाठवणाऱ्याकडून घ्या, ज्याला तो मागितला नसतानाही घ्यावा लागतो त्याच्याकडून नको.

कंपन्या म्हणतील की अशी सवलत दिली तर चांगली कमाई देणारे ग्राहकही खालच्या पायरीवर उतरतील. माझा अनुभव सांगतो. ज्याला यूट्यूबची सवय लागली तो एक दिवसही डेटाविना राहत नाही. पॅक संपायच्या आदल्या रात्री तो दुकान उघडं आहे का म्हणून फोन करतो. तो कुठेही उतरणार नाही. उतरतील ती फक्त अशी माणसं जी आज दोन महिने पॅक मारतात, एक महिना मारत नाहीत, आणि त्या एका महिन्यात त्यांचे पैसे, त्यांचे निरोप आणि त्यांची लेकरं अडकतात. त्यांच्याकडून कंपन्यांना आज त्या महिन्याचं शून्य मिळतं. उद्या वीस मिळतील.

दुसरी एक गोष्ट. पॅक संपत आला की येणारा एसएमएस आमच्या निम्म्या ग्राहकांना वाचता येत नाही. तो इंग्रजीत असतो, किंवा मराठी असली तरी जुन्या फोनवर चौकोन दिसतात. तीन दिवस आधी मराठीत बोलून सांगणारा एक फोन यायला हवा: तुमचा पॅक अमुक तारखेला संपतोय, इनकमिंग अमुक तारखेला बंद होईल. नवा पॅक घ्या म्हणून गाणी ऐकवणारे फोन तर दिवसाला चार येतात. त्यातला एक याला द्यावा.

फेब्रुवारी २०१६ मध्ये फेसबुकच्या फ्री बेसिक्सला तुमच्या संस्थेने नाही म्हटलं होतं. फुकट म्हणून दिलेलं इंटरनेट नंतर कुणाच्या हातात कुलूप देईल हे तेव्हा ट्रायने ओळखलं. त्या वेळी देशभरातून लाखो पत्रं तुमच्याकडे गेली होती, बहुतेक ईमेलने. मी ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांच्यातलं कुणी तुम्हाला ईमेल करणार नाही. तुमचे सल्लामसलतीचे कागद इंग्रजीत निघतात, त्यावरची खुली चर्चा बहुतेक मोठ्या शहरात किंवा पडद्यावर होते. तिथे कंपन्यांचे वकील येतात, ग्राहक संघटनांचे चांगले अभ्यासू लोक येतात. फोन रबराने बांधणारी माणसं येत नाहीत.

म्हणून विनंती आहे की पुढच्या वेळी हा विषय निघेल तेव्हा त्याचा कागद मराठीतही काढा आणि एक खुली चर्चा बीड जिल्ह्यात ठेवा. मांजरसुंब्यालाच ठेवा. चार दिशांचे रस्ते इथे येतात, मंगल कार्यालयं आहेत, माणसं जमवण्याचं काम मी आणि फाट्यावरचे दुकानदार करू. माझी रिचार्जची वही मी तुमच्यापुढे ठेवीन, नावं झाकून. कुणाचा पॅक कधी संपला आणि परत कधी मारला, मधले दिवस किती गेले, सगळं तारखेनिशी आहे. आजीलाही मी विचारलं आहे. ती म्हणाली, येईन की, पण नातवंडांची शाळा सुटायच्या आत मला सोडा.

तारीख ठरवताना एवढं बघा की ती दसऱ्याच्या आतली असावी. दिवाळीनंतर टोळ्या निघून जातात आणि ज्यांच्याशी तुम्हाला बोलायचं आहे त्यातली निम्मी माणसं उन्हाळ्यापर्यंत परत येत नाहीत.

आपला,
मांजरसुंबा फाट्यावरचा एक रिचार्ज दुकानदार
ता. जि. बीड